शुक्रवारची हजेरी

ठाणे, रविवार, १७ जून १८९४

अण्णांनी बाजारातून ही जाड वही आणून दिली आणि म्हणाले, "यात कायद्याची टिपणं लिही, सगुणा." टिपणांसाठी मी वेगळी वही केली आहे. ही माझ्यासाठी. कायदा शिकणाऱ्या माणसाने रोज स्वतःची साक्ष घेतली पाहिजे. म्हणून ईश्वरसाक्ष लिहिते की या वहीत खरे तेच लिहीन.

आमच्या कर्णिकांच्या घरात बी. ए. झालेली पहिली मीच. त्या दिवशी आत्याने आळीभर पेढे वाटले, आणि प्रत्येक दारात सांगून आली की आता पुरे. पण मला पुरे वाटत नाही. परवापासून मी मुंबईस कायद्याच्या वर्गात जाणार. पास झाले तरी बाईला वकिलीची सनद मिळत नाही, हे मला आजवर एकोणीस जणांनी सांगितले आहे. त्यात आमचा गवळीही आहे. मी सर्वांना एकच उत्तर देते : सनद नसली तरी न्याय कुठे जातो?

आत्याने अण्णांकडून एक करार करून घेतला आहे. व्याख्याने मंगळवारी आणि शुक्रवारी, संध्याकाळी साडेपाचला. त्यांपैकी तीन चतुर्थांश व्याख्यानांना हजेरी लागली तरच सहामाही भरते. ही सहामाही भरली तर मी पुढे शिकायचे. नाही भरली तर कल्याणच्या स्थळाला होकार द्यायचा. कल्याणचे स्थळ म्हणजे दोन मुलांचे वडील, खडवलीला लाकडाची वखार, तब्येत उत्तम. त्यांच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. फक्त त्यांच्याशी लग्न करायचे नाही.

मंगळवार, १९ जून

वर्गाच्या पटावर बेचाळीस विद्यार्थी आणि मी. मला पहिल्या बाकावर एकटीला बसवले. मागच्या बाकावर दहा जण कोंबून बसले, पण माझ्या बाकावर कोणी आले नाही.

आधी हजेरीचे कारकून उत्तमराव आले. वयस्कर आहेत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मान वहीतून वर काढत नाहीत. नाव पुकारायचे, "प्रेझेंट, सर" ऐकायचे, टिंब द्यायचे. माझे नाव आल्यावर ते थांबले, चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "बाई, जरा मोठ्यानं." मी मोठ्यानेच म्हणाले. सगळा वर्ग हसला. न्यायाच्या मंदिरात हसण्यासारखे काय होते कळले नाही.

मग प्रोफेसर अजिंक्य आले. बॅरिस्टर आहेत. वीस मिनिटे रोमन गुलामांविषयी इतके सुंदर बोलले की मला त्या गुलामांची कणव आली. मग घड्याळ पाहिले आणि गेले.

शुक्रवार, २२ जून

आज एक गोष्ट कळली आणि मन विटले.

मधुराव टिपणीस म्हणून एक विद्यार्थी कल्याणहून माझ्याच गाडीने येतात. मी ठाण्याला बायकांच्या डब्यात चढते. बोरीबंदरला उतरल्यावर ते चार पावले मागून चालतात, म्हणजे लोकांना वाटावे की आमची ओळख नाही, आणि तसेच मागून बोलतात. आज मी विचारले, की वर्गात माणसे तीसच असताना हजेरी बेचाळीसजणांची कशी लागते?

"त्यात काय, कर्णिकबाई? एकानं दुसऱ्याचं 'प्रेझेंट' म्हणायचं. मी मंगळवारी चौघांचं म्हटलं. एकाचं जाड आवाजात, एकाचं नाकात."

"हे खोटं बोलणं झालं!"

"बंधुभाव झाला."

"आणि पकडलं तर?"

"उत्तमराव कानानं हजेरी घेतात. डोळ्यांनी घेतली असती तर आम्ही सगळे आज गावी शेती केली असती." मग मागून हसू ऐकू आले. "तुमची मात्र पंचाईत. तुमच्यासाठी कोण बोलणार? अख्ख्या वर्गात बाईचा आवाज एकच."

मी म्हणाले, मला त्याचा अभिमान आहे. वर्गातली एकमेव निखळ हजेरी माझी.

"अभिमानानं सहामाही भरत नाही हो," ते म्हणाले. माणूस हुशार आहे, पण गंभीर नाही. विद्यार्थ्यांच्या नाटकात नायिकेचे काम करतात आणि त्यासाठी मिशी काढून आले आहेत. वडील हयात असताना मिशी काढली म्हणून कल्याणला त्यांच्या घरी दोन दिवस रडारड चालली होती म्हणे.

सोमवार, २ जुलै

मला कावळा शिवला. आत्याच्या नियमाप्रमाणे तीन दिवस मागच्या पडवीत बसायचे, कशाला शिवायचे नाही, चौथ्या दिवशी न्हायचे. उद्या मंगळवार. व्याख्यान बुडणार.

मी पडवीतून युक्तिवाद केला. पहिला मुद्दा : उंबरठ्याबाहेर बसणे हाच नियमाचा हेतू असेल, तर मुंबई उंबरठ्याबाहेरच आहे. दुसरा मुद्दा : आगगाडीला सगळेच शिवतात.

आत्या आतून वाटण वाटत ऐकत होती. ती म्हणाली, "झालं तुझं? आता माझं ऐक. तुझ्या आजीनं पाळलं, मी पाळलं, तुझ्या आईनं पाळलं. तीन साक्षी झाल्या. तुझ्या बाजूनं कोण आहे?"

"अण्णा आहेत."

अण्णा तेवढ्यात छत्री घेऊन बाहेर पडले. पाऊस नव्हता.

माझा पहिला दावा खर्चासह फेटाळला.

शुक्रवार, ६ जुलै

गैरहजेरीचे कारण लिहून द्यावे लागते. मी 'अपरिहार्य' असे लिहिले. उत्तमराव म्हणाले, "अपरिहार्य म्हणजे काय बाई? कोणी आजारी?" मी नाही म्हणाले. "मग पाहुणे?" मी नाही म्हणाले. मागच्या बाकावरचे सगळे पुढे झुकले. शेवटी मी म्हणाले, "पुन्हा एकतीस तारखेला होणार आहे." त्यांनी घाबरून कागद घेतला.

मंगळवार, १७ जुलै

शुक्रवारी रुळांवर पाणी, आज पुन्हा पाणी. दोन हजेऱ्या गेल्या. स्टेशनमास्तरांना मी विचारले की पाण्याविरुद्ध दाद कुठे मागायची. ते म्हणाले, वर. आणि आकाशाकडे बोट दाखवले.

शनिवार, ११ ऑगस्ट

काल अण्णांच्या तापामुळे गेले नाही. एकतीस जुलैही पडवीत गेली. पाच झाल्या.

पण आज आनंदाची गोष्ट. माझ्याकडे पहिला पक्षकार आला!

कोपरीपलीकडच्या मिठागरातली सखुबाई दर महिन्याला आमच्याकडे मीठ घालते. आज पाटी उतरवली आणि तिथेच बसली. तिच्या मिठागराकडे जाणारी वाट खाडीच्या बांधावरून जाते. बांधाच्या कडेची जमीन कल्याणच्या एका शेठने घेतली आणि वाटेवर काट्यांचे कुंपण घातले. आता मिठाची पाटी डोक्यावर घेऊन तिला चिखलातून अर्धा कोस वळसा पडतो. तिने ठाण्याच्या कोर्टात दावा लावला आहे, वकीलही आहे, पण तो काय बोलतो ते तिला कळत नाही.

"बाय, तू कायदा शिकतंस ना? मंग मना सांग, वाट कोनाची असतंय?"

देवच पावला! हाच विषय सरांनी मंगळवारी शिकवला होता. वीस वर्षे उघडपणे, अडथळ्याशिवाय आणि कोणाची परवानगी न घेता वापरलेली वाट म्हणजे वहिवाटीचा हक्क. मी तिला सगळे समजावले, कलमासकट.

ती म्हणाली, "वीस कशाला? माजी सासू मेली त्याला तीस वर्सं झाली, तीपन त्याच वाटंनं जायची." मग म्हणाली, "चोवीस तारखंला माजी जबानी हाय. तू ये गो. कायपन बोलू नको, नुसती बाकावर बस. शिकलेलं मानूस दिसलं म्हंजे मना धीर येल."

चोवीस तारखेला शुक्रवार आहे. पण कोर्ट अकराला भरते. सव्वाचारची गाडी सहज मिळेल. मी हो म्हणाले.

आत्या आतून म्हणाली, "सखू, पुढल्या खेपेला खाडीतली मासळी आण गं, निवट्या. ही काही तुझ्याकडून फी घ्यायची नाही, मी घेईन."

शुक्रवार, २४ ऑगस्ट

आज फार घडले. क्रमाने लिहिते.

सखुबाईचे नाव पुकारायला चार वाजले. मी उठून गाडीकडे निघाले तर तिने पिंजऱ्यातून माझ्याकडे असे पाहिले की पुन्हा बसले. मनाशी म्हटले, एक हजेरी गेली तर गेली. वकिलाने पक्षकाराला सोडू नये, आणि मी तर वकीलही नाही.

सव्वाचारची गाडी शिट्टी देऊन गेली. इतक्यात शेठच्या बाजूने मुंबईहून आणलेले बॅरिस्टर उलटतपासणीला उभे राहिले. मी मान वर केली. ते प्रोफेसर अजिंक्य होते!

सरांनी मला वर्गात जे शिकवले त्याच्या बरोबर उलट ते कोर्टात बोलत होते. त्यांना सखुबाईच्या तोंडून एवढेच काढायचे होते, की ती शेठच्या वडिलांच्या परवानगीने त्या वाटेने जात असे. परवानगी आली की हक्क गेला.

"तू शेठच्या वडिलांना ओळखत होतीस?"

"व्हय. चांगलं मानूस व्हतं."

"चांगला माणूस. मग त्या चांगल्या माणसाला विचारूनच जात असशील ना त्या वाटेनं?"

"मी कशाला इचारू? त्येच माज्या सासूला वाट इचाराचं. पानी भरलं म्हंजे त्यांना सोताचा बांध गावत नसं. सासू हात धरून न्याची."

न्यायाधीशसाहेबांनी हे इंग्रजीत करून घेतले, लिहून घेतले आणि खाकरले. सरांनी रुमालाने मान पुसली आणि बसण्यासाठी मागे वळले. तेव्हा त्यांची नजर माझ्यावर पडली. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून दहा मिनिटे झाली होती.

सरांचा चेहरा पांढरा पडला. माझाही पडला असणार. साडेपाचच्या व्याख्यानाला मी तिकडे मुंबईत असायला हवी, आणि सरांनी मला ठाण्याच्या कोर्टात बसलेली पाहिली! कोणत्या तोंडाने मंगळवारी वर्गात जाऊ?

तसा येता मंगळवार पडवीतच जायचा आहे. तेवढी सवड मिळाली.

शुक्रवार, ३१ ऑगस्ट

सरांनी तास संपल्यावर मला थांबवले. मी जमिनीकडे पाहत उभी राहिले. त्यांनी दार लोटले, पुन्हा उघडून बाहेर पाहिले आणि हळू म्हणाले, "मिस कर्णिक, त्या शुक्रवारी आपण एकमेकांना पाहिलं."

"होय सर. मला फार लाज वाटते."

"लाज? तुम्हाला?" त्यांनी रुमालाने मान पुसली. "हं. असं पाहा. कायद्याच्या माणसाचा पहिला गुण कोणता? मौन. काय दिसलं, कुणाला दिसलं, किती वाजता दिसलं, हे सगळीकडे सांगत सुटू नये."

मी ते तिथेच टिपणवहीत उतरून घेतले. मी उतरून घेते आहे हे पाहून ते म्हणाले, "हे लिहू नका." विनय किती! मग त्यांनी वहिवाटीच्या कायद्यावरचा स्वतःचा ग्रंथ मला वाचायला दिला. चुकलेल्या विद्यार्थ्याला इतक्या मायेने मार्गावर आणणारे गुरू विरळा.

बाहेर आल्यावर मधुरावांकडे त्या शुक्रवारची टिपणे मागितली.

ते म्हणाले, "विशेष काही झालं नाही."

"म्हणजे? सरांनी काय शिकवलं?"

"त्या दिवशी सर अगदी शांत होते."

मी हट्टच धरला तेव्हा त्यांनी वहीतले पान काढून दिले. वर तारीख, खाली सगळे कोरे. आळशीपणाची हद्द झाली. त्यातून त्यांचा घसा आठवडाभर बसला आहे, आवाज चिरका येतो. नाटकाच्या तालमी बेताने कराव्यात असे मी बजावले आणि पिशवीत उरलेली सुंठ-खडीसाखर पुडीत बांधून दिली. त्यांनी ती पुडी दोन्ही हातांनी घेतली, जणू तीर्थच. नाटकी माणूस.

शनिवार, १५ सप्टेंबर

सखुबाई जिंकली! कुंपण निघाले. सकाळी ती आणि तिचा मुलगा राघो टोपलीभर निवट्या घेऊन आले. त्या अजून उड्या मारत होत्या, दोन पडवीत निसटल्या. आत्या इतकी खूष झाली की म्हणाली, "कायदा म्हणजे अगदीच टाकाऊ नाही."

काल कल्याणचे स्थळ बघायला आले होते म्हणून व्याख्यान बुडले. त्यांनी मला विचारले, स्वयंपाक येतो का? मी म्हणाले, येतो, पण प्रश्न संबद्ध नाही. अण्णांना ठसका लागला. तरी त्यांची पसंती कळली आहे. माणूस सोशीक दिसतो.

मंगळवार, २ ऑक्टोबर

आज वर्गाबाहेर हजेरीचा तक्ता लागला. मी माझ्या वहीशी ताडून पाहिला. सुट्ट्या वजा जाता सहामाहीत व्याख्याने तेहतीस होणार. पंचवीस हजेऱ्या हव्यात. माझ्या गैरहजेऱ्या नऊ : पडवीचे चार मंगळवार, पाण्याच्या दोन, अण्णांचा ताप, कल्याणचे स्थळ आणि ठाण्याचे कोर्ट. तक्त्यात आठच! चोवीस ऑगस्टपुढे स्वच्छ टिंब. मी हजर!

म्हणजे आता एकही न चुकवता शेवटपर्यंत गेले, तर तक्त्याप्रमाणे पंचवीस होऊन सहामाही भरते. पण खरे धरले तर चोवीस. एकाने जाते.

मी उत्तमरावांकडे गेले. "त्या दिवशी मी नव्हते."

"होता."

"नव्हते हो, मी ठाण्याला होते."

"बाई, वर्गात बाई किती?"

"एक."

"बाईचा आवाज आला. मी कानांनी ऐकला. जरा पडसं झाल्यासारखा होता, पण बाईचाच. मग तुम्ही नाही तर कोण?"

तर्क बिनतोड आहे. क्षणभर मलाही वाटले की मी होते.

शुक्रवार, ५ ऑक्टोबर

सरांना सगळे सांगितले. मी खोट्या हजेरीवर सहामाही भरणार नाही, लिहून देणार, असे म्हणाले. सर खुर्चीत एकदम सरळ झाले.

"मिस कर्णिक, हजेरीची वही हा दस्तऐवज आहे. तो खरा मानूनच चालायचं. तो खोटा म्हणणाऱ्यावर शाबितीचा बोजा पडतो. तुमच्यापाशी पुरावा काय?"

"आहे ना सर! तुम्हीच मला तिथे पाहिलंत!"

सर खिडकीपाशी गेले. ती लावून घेतली. मग म्हणाले, "माझं नाव यात आणायची काही एक गरज नाही."

किती मोठे मन! माझ्याविरुद्ध साक्ष द्यायला त्यांची जीभ वळत नाही.

मधुरावांना विचारले तर ते म्हणाले, "कर्णिकबाई, टिंब आहे ते असू द्या. मी हात जोडतो. सहामाही गेली तर तुम्हाला कल्याणला यावं लागेल."

"तुम्हीही कल्याणचेच आहात. कल्याणात काय वाईट आहे?"

त्यावर त्यांनी जे तोंड केले ते मला समजले नाही. आज पाठीमागून चार पावले न चालता दहा पावले चालले.

सोमवार, २२ ऑक्टोबर

उद्या शेवटचे व्याख्यान आणि आज सकाळी कावळा शिवला. वाटलेच होते. मी पडवीत जाऊन बसले आणि आत्याला हाक मारून सांगितले.

आत्या बाहेर आली, माझ्याकडे पाहिले, मग वर झाडाकडे पाहिले. "कुठला कावळा? मला नाही दिसला."

"आत्या, शिवला. मी सांगते ना."

"मी सकाळपासून इथंच आहे. एक कावळा फिरकला नाही. ऊठ, तांदूळ निवड."

"पण आत्या, खरंच..."

"गप्प बस गं! साक्षीदार मी आहे का तू? उद्या तुझं ते शेवटचं आहे ना? मग जा. आणि जाताना त्या चाफ्याखालून जाऊ नकोस. कावळे असतात तिथं."

आत्याची नजर फारच अधू झाली आहे. अण्णांना सांगून डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवले पाहिजे.

बुधवार, २४ ऑक्टोबर

काल गेले. शेवटची हजेरी लागली. तक्त्यात पंचवीस, खऱ्या चोवीस.

आज सकाळी प्रिन्सिपॉलसाहेबांना पत्र लिहिले. आधी अण्णांना वाचून दाखवले. त्यांनी दोनदा ऐकले, डोळे पुसले आणि म्हणाले, "कल्याणची हवा चांगली आहे तशी." मग म्हणाले, "पाठव."

पत्राचा सारांश असा : 'चोवीस ऑगस्टला माझ्यापुढे हजेरीचे टिंब आहे, ते चुकीचे आहे. त्या दिवशी सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी मी ठाण्याच्या कोर्टात होते. नुसत्या माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा असे मी म्हणत नाही. प्रोफेसर अजिंक्य त्या वेळी त्याच कोर्टात एका साक्षीदाराची उलटतपासणी घेत होते. त्यांनी मला समक्ष पाहिले आहे. आपण त्यांना जरूर विचारावे.'

सरांचे नाव घालताना संकोच वाटला. पण पुरावा भक्कम झाला आहे, यात शंका नाही.

शुक्रवार, २६ ऑक्टोबर

साहेबांनी बोलावले. खोलीत सर होते, उत्तमराव होते. साहेबांच्या हातात माझे पत्र. त्यांनी ते एकदा वाचले, चष्मा पुसून पुन्हा वाचले आणि सरांना विचारले, "मिस्टर अजिंक्य, ही मुलगी म्हणते ते खरं आहे?"

सरांनी रुमाल काढला.

"पाच वाजून दहा मिनिटांनी तुम्ही ठाण्यात होता?"

सरांनी मान पुसली.

"मग साडेपाच वाजता इथं व्याख्यान कोणी दिलं?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कोरे पान आठवले, मौनाचा उपदेश आठवला, तो ग्रंथही आठवला. मी सरांविरुद्ध तक्रार लिहून दिली होती आणि खाली सही करून वर 'आपली नम्र' लिहिले होते!

मी म्हणाले, "साहेब, माझा तसा हेतू नव्हता. मला समजलंच नाही."

सर एकदम हसायला लागले. मोठ्याने, मनापासून. "तिला खरंच समजलं नाही. म्हणून तर दोन महिने मला झोप नाही! साहेब, मी ठाण्यालाच होतो. उत्तमरावांनी हजेरी घेतली, मुलं थोडा वेळ थांबली आणि घरी गेली. मी वहीत सही केली. चूक माझी. वर दावाही हरलो, एका मिठाच्या पाटीवालीपुढे."

साहेबांनी उत्तमरावांना विचारले, की त्या दिवशी या बाईंच्या नावाला 'प्रेझेंट' कोण म्हणाले? उत्तमराव छातीवर हात ठेवून म्हणाले, "साहेब, बाईच म्हणाली. मी मरेपर्यंत तेच सांगेन." साहेबांनी तो मुद्दा सोडून दिला.

मग त्यांनी निकाल दिला. व्याख्यान झालेच नाही, तर त्याला हजर कोणी नाही आणि गैरहजरही कोणी नाही. ती तारीख वहीतून रद्द. न झालेले व्याख्यान सर पुढच्या सहामाहीच्या पहिल्या दिवशी देतील.

मी नमस्कार करून निघाले. दारापर्यंत गेले असेन, तर साहेब म्हणाले, "थांबा. तुम्ही कायदा शिकता, गणित येतं का?" त्यांनी टीपकागदावर आकडे मांडून माझ्यापुढे धरले. तेहतिसातले एक गेले. राहिले बत्तीस. बत्तिसाचे तीन चतुर्थांश चोवीस.

माझ्या खऱ्या हजेऱ्या चोवीस.

जिन्यात मधुराव उभे होते. मी सांगितले तर ते पायरीवर बसलेच. म्हणाले, "आणि 'प्रेझेंट' कोण म्हणालं ते?" मी म्हणाले, ते शेवटपर्यंत कळले नाही. ते म्हणाले, "वा." आणि कितीतरी वेळ हसत बसले.

आत्याला बातमी दिली तेव्हा ती पुरणासाठी डाळ शिजवत होती. म्हणजे डाळ तिने सकाळीच भिजत घातली होती. म्हणाली, "कल्याणवाल्यांना मी परवाच नाही कळवलंय. त्यांचा थोरला मुलगा तुझ्याएवढा दिसतो." करार तिने आधीच मोडला होता, तोही मला न कळवता. कायद्याने तिला तसे करता येत नाही. मी गूळ चिरायला बसले.

शुक्रवार, १६ नोव्हेंबर

नव्या सहामाहीचा पहिला दिवस. मांजर आडवे गेले म्हणून आत्याने मला ओसरीवर बसवून ठेवले आणि नेहमीची गाडी चुकली. आत्याच्या डोळ्यांचे औषध आणले आहे, ते मात्र ती घालून घेत नाही. "मला जेवढं दिसायला हवं तेवढं दिसतं," म्हणते. येत्या मंगळवारचे काय, असे विचारले, तर म्हणाली, "कावळ्याचं मी बघते. तू तुझी गाडी बघ."

बोरीबंदरहून जवळजवळ धावतच गेले. वर्गाच्या दारात पोचले तेव्हा हजेरी चालू होती. सर आधीच येऊन बसले होते. धाप लागल्यामुळे मी दाराबाहेर थांबले.

"मिस कर्णिक," उत्तमरावांनी वहीत बघत पुकारले.

मी तोंड उघडले. तेवढ्यात आतून, मागच्या बाकावरून, नाजूक, गोड, किंचित लाजरा आवाज आला, "प्रेझेंट, सर."

मी दाराबाहेर उभी होते आणि आत मी हजर होते.

उत्तमरावांनी टिंब दिले. सरांनी मला दारात पाहिले, मग मागच्या बाकाकडे पाहिले, आणि छताकडे पाहू लागले. मौन हा कायद्याच्या माणसाचा पहिला गुण आहे.

मी आत जाऊन म्हणाले, "प्रेझेंट, सर."

"एकदा सांगितलंत ना बाई," उत्तमराव मान वर न करता म्हणाले, "ऐकलं मी."

मी पहिल्या बाकावर जाऊन बसले. मागे वळून पाहिले नाही. पाहायची गरज नव्हती. कोरे पान, चिरका घसा, नायिकेचे काम, दोन्ही हातांनी घेतलेली पुडी, सगळा पुरावा ऑगस्टपासून माझ्यापुढे होता आणि मी तो वाचलाच नव्हता. न्यायाधीश झाले असते तर लोकांचे काही खरे नव्हते.

सरांनी वहिवाटीवर व्याख्यान दिले. एका बाईचे उदाहरण घेतले, डोक्यावर मिठाची पाटी, पायाखाली खाडीचा बांध. इतके चांगले ते आजवर शिकवले नव्हते.

मधुरावांना मंगळवारी स्पष्ट सांगणार आहे, की हे चालणार नाही. खोटे ते खोटे, हेतू कितीही चांगला असो. तोंडावर सांगायचे तर त्यांना चार पावले मागून नको, बरोबरीने चालावे लागेल. तेही सांगेन.

आज त्यांचा आवाज शेवटी जरासा फाटला. सुंठेची पुडी बांधून ठेवली आहे.